एकाच टोपातलं तिखलं, दोघींच्या दोन चवी

पत्र थोडक्यात : मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत आणि पाहुण्यांचं जेवण घरच्याच चुलीवर होतं. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्यासाठी (तिरफळं घातलेलं माशाचं तिखट कालवण) पाहुणे पुन्हा पुन्हा यायचे. गेल्या वर्ष-दीड वर्षात मात्र मीठ जास्त पडतं, तिखट जास्त पडतं, तिरफळं तर मूठभर. उलट सुनेनं केलेलं सगळं त्यांना अळणी लागतं. पाहुण्यांच्या देखत त्या म्हणाल्या, "तुझ्या जिभेक चवच नाय गो." गणपतीत दूध करपून घरभर धूर झाला, तेव्हा त्या चुलीजवळच भाजी निवडत बसल्या होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. मध्यंतरी वीज गेली आणि फ्रीजमधली सुंगटं (कोळंबी) उतरली, तरी त्यांनी ती "चांगली असत" म्हणत शिजवायला घेतली. यजमान म्हणतात, "आईचं वय झालं, तू मनावर घेऊ नको." ताईंचे प्रश्न तीन : त्या हे मुद्दाम करतात का? स्वयंपाकघर त्यांच्याकडून काढून घ्यावं का? आणि घ्यायचं तर सांगावं कसं? नाताळच्या सुट्टीतल्या खोल्या आधीच भरल्या आहेत.

ताई,

पाहुण्यांच्या देखत लागलेला शब्द लवकर जात नाही. तो मनावर घेऊ नका असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण तुमच्या पत्रात ज्या चार गोष्टी आहेत, त्यातलं दूध मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मीठ जास्त घालण्यात एखादीचा हट्ट असू शकतो. सुनेच्या जेवणाला नावं ठेवण्यात तर अनेक घरांत वर्षानुवर्षांची सवय असते. पण जिनं आयुष्यभर चूल सांभाळली, ती बाई दोन हातांवर दूध करपत असताना मुद्दाम बसून राहत नाही. तिला ते कळलं नाही म्हणून ती बसली. आता सुंगटं, मीठ, तिखट, तिरफळं त्या दुधाच्या शेजारी ठेवून पाहा. सगळी बोटं नाकाकडे जातात. सासूबाईंना वास येणं कमी झालं असावं, असा मला दाट संशय आहे. निदान डॉक्टर करतील, पण तोवर 'मुद्दाम' हा शब्द तुम्ही बाजूला ठेवावा असं मला वाटतं.

तुम्ही लिहिता, "चव बघूनच मीठ घालतात, तरी असं कसं?" यात एक समज दडलेला आहे, आणि तो आपल्या सगळ्यांचाच आहे : चव जिभेवर असते. जिभेला कळतात त्या मूळ चवी थोड्याच. गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी उमामी, म्हणजे सुक्या जवळ्याच्या किंवा सोड्यांच्या कालवणात जो भरीव रस लागतो तो. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञानं १९०८ साली ही पाचवी चव वेगळी काढून दाखवली. बाकी आपण ज्याला 'बांगड्याची चव', 'ओल्या खोबऱ्याची चव', 'हापूसची चव' म्हणतो, ते बहुतेक सगळं नाकाचं काम आहे. घास चावताना त्याचा वास घशामागच्या वाटेनं वर नाकात चढतो आणि मेंदू तो जिभेवरच्या चवीशी असा बेमालूम मिसळतो की सगळं तोंडातच घडतंय असं वाटतं.

पटत नसेल तर आज घरातल्या मुलांना घेऊन बसा. चिमटीत नाक घट्ट धरा, आंबावडीचा तुकडा तोंडात टाका आणि चावा. गोड लागेल, थोडं आंबट लागेल, दाताखाली चिवट लागेल. आंबा मात्र कुठेच नसेल. मग तोंडातला तुकडा तसाच ठेवून नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका. त्या क्षणी हापूस येतो. मुलं किंचाळतात अक्षरशः. सासूबाई कदाचित दिवसभर, प्रत्येक घासाला, नाक धरूनच जेवत असतील, आणि धरलेलं नाक सोडण्याची सोय त्यांना नसेल.

नाकाच्या छतापाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये थोडं आत, वास ओळखणाऱ्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. माणसाच्या नाकात वास पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) साधारण चारशे प्रकारचे आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली त्यांची जनुकं शोधली आणि २००४ साली दोघांना नोबेल मिळालं. एक वास म्हणजे एक ग्राहक, असा सरळ हिशेब नाही. भजनातल्या पेटीवर पट्ट्या मोजक्याच असतात, पण कुठल्या एकत्र दाबल्या त्यावर सूर उमटतो, तसं इथे होतं. वय वाढेल तसा हा पट्टा विरळ होत जातो. या पेशी मरतात आणि नव्या येतात, हे आयुष्यभर चालू असतं, पण म्हातारपणी भरपाई मंदावते. सर्दी-तापाच्या विषाणूंनीही हे नुकसान होतं. कोविडमध्ये आपण ते घराघरांत पाहिलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रिचर्ड डोटी यांनी १९८४ साली शेकडो माणसांची वासाची परीक्षा घेऊन दाखवलं की ६५ ते ८० या वयातल्या निम्म्याहून अधिक लोकांचं घ्राणेंद्रिय बरंच मंदावलेलं असतं आणि ८० च्या पुढे तर चारातल्या तिघांचं.

एवढ्या लोकांचं होतं, तर मग कुणी बोलत का नाही? कारण त्यांना कळतच नाही. हे तुम्ही नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं. डोळा मंदावला तर सुईत दोरा जात नाही. कान मंदावला तर समोरच्याचे ओठ हलताना दिसतात आणि शब्द येत नाही. दोन्हीकडे काहीतरी अडतं आणि माणसाला शंका येते. नाक मंदावलं तर असं काहीही अडत नाही. जो वास आला नाही तो आला नव्हता, हे कळणार कसं? जीभ तर शाबूत असते, मीठ लागतं, साखर लागते. फक्त जेवण दिवसेंदिवस फिकं होत जातं आणि संशय साहजिकच जातो तो जेवण करणारीवर. "तुझ्या जिभेक चवच नाय" हे त्या तुम्हाला टोचून म्हणाल्या असतील, पण खोटं बोलल्या नसतील. त्यांच्या पानातलं तिखलं खरंच अळणी होतं. तुमच्या पानातलं खरंच खारट होतं. टोप एकच होता.

तिरफळं मूठभर का पडतात, याचंही उत्तर इथेच आहे, आणि ते मला फार विलक्षण वाटतं. मिरचीचा तिखटपणा ही चव नव्हे. उष्णतेचा चटका ओळखणारे जे ग्राहक जिभेवर आणि कातडीत असतात, साधारण ४३ अंशांच्या पुढे जागे होणारे, तेच मिरचीतल्या कॅप्सायसिनमुळे जागे होतात. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली हा ग्राहक शोधला आणि त्यासाठी २०२१ सालच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. तिरफळाची झिणझिण तर थेट स्पर्शाच्या मज्जातंतूंवर होते. तिरफळाच्याच कुळातल्या चिनी मिऱ्यावर लंडनमध्ये प्रयोग झाला होता. तो ओठाला लावला की ओठ सेकंदाला सुमारे ५० वेळा थरथरतोय असं लोकांना जाणवलं, असा त्याचा निष्कर्ष २०१३ साली आला. म्हणजे चटका, झिणझिण आणि खारटपणा यांपैकी काहीच वासाच्या वाटेनं जात नाही. ती वाट बुजली तरी या वाटा चालू राहतात. सासूबाईंचा हात नेमका या तिघांकडेच वळला आहे. त्यांच्या हाताचं वळण गेलेलं नाही. जिथून अजून काही ऐकू येतंय तिथे तो जोर लावतोय.

आता तुमच्याबद्दलही एक शब्द. तुमची जीभ हा सुद्धा शासकीय तराजू नाही. आपली सगळी इंद्रियं फरक मोजतात आणि जे सतत असतं ते सोडून देतात. अंगणात मासळी वाळत घातलेली असली की परगावचा पाहुणा फाटकातच नाक मुरडतो, आणि आपल्याला वाळवणाची आठवण राहते ती कावळे आले तरच. मिठाचंही तसंच. चार महिने जास्त मीठ खाल्लं की तेवढं नेहमीचं वाटू लागतं, आणि हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत जीभ कमीवर रुळते. म्हणून "तुमचं चुकतंय, माझं बरोबर" या वादात तुम्ही पडू नका. तो वाद दोघींपैकी कुणीच जिंकू शकत नाही, कारण दुसरीच्या तोंडात काय चाललंय ते पाहायला जागाच नाही.

यजमानांना माझा निरोप द्या. "वय झालं" हे वाक्य ऐकायला मायेचं असलं तरी त्यानं आईचा काही उपयोग होत नाही. वास जाण्याची काही कारणं वयाची नसतातच. नाकातले मांसल कोंब, जुनी सायनसची सूज, डोक्याला लागलेला मार, विषाणूचा ताप, आणि काही औषधं. यातल्या काहींवर इलाज आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी चव बदलते, पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. वरच्या दातांची कवळी असेल तर ती टाळू झाकते आणि घासाची लज्जत कमी करते, तेही पाहून घ्या. वासाबरोबर हाताला कंप, चाल मंदावणं किंवा रोजच्या गोष्टींचा विसर असं काही दिसत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण पार्किन्सन आणि अल्झायमर या आजारांत वास पुष्कळदा आधी कमी होतो. हे वाचून घाबरून जाऊ नका. बहुतेकांच्या बाबतीत असं नसतं. पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्यांना मुलानं न्यावं, सुनेनं नव्हे. तुम्ही नेलंत तर ती तक्रार वाटेल.

स्वयंपाकघर काढून घ्यावं का? नाही. मला इथे जराही शंका नाही. ज्यांचा वास जातो त्यांची भूक कमी होते, वजन उतरतं, मन खट्टू होतं. अशा वेळी चुलीपासूनही उठवलं तर त्यांच्याकडे उरतं काय? आणि दुसरं असं की स्वयंपाक एकट्या नाकानं होत नाही. बाजारात सासूबाई बांगडा कसा घेतात ते आठवा. कल्ला उचलून लाल आहे का बघतात, डोळा पाणीदार आहे का बघतात, पाठीवर अंगठा दाबून खड्डा वर येतो का ते पाहतात. यात डोळा आहे, बोट आहे, वासाचा भाग थोडाच. वाटप बारीक झालंय का हे त्या दोन बोटांत चोळून सांगतील, तव्यातला मासा उलटायचा क्षण आवाजावरून सांगतील. हे सगळं त्यांच्याकडे अजून शाबूत आहे आणि तुमच्यापेक्षा जास्तच आहे. म्हणून मासळी घेणं, वाटप, घावणे, सोलकढीचं नारळाचं दूध काढणं ही कामं त्यांचीच ठेवा, आणि ती त्यांची आहेत हे पाहुण्यांसमोर बोलून दाखवा. मीठ, तिखट आणि तिरफळं मात्र मापानं. त्यांच्या जुन्या प्रमाणाचं माप त्यांनाच विचारून वहीत लिहा. दहा बांगड्यांना किती मिरच्या, किती तिरफळं, किती आगळ (कोकमाचा खारवलेला रस). अंदाजानं घालणाऱ्या बायकांना हे सांगणं जड जातं, तेव्हा त्यांच्या मुठीतलं मीठ वाटीत घेऊन चमच्यानं मोजा. आगळात मीठ असतंच, तेही त्या हिशेबात धरा.

दोन बाबतींत मात्र भिडस्तपणा नको, कारण तिथे जिवाशी गाठ आहे.

पहिली गॅसची. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी ही सगळी व्यवस्था निरुपयोगी आहे. गळती सांगणारं भोंग्याचं यंत्र मिळतं, ते बसवून घ्या, आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर बसवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. रात्री रेग्युलेटर बंद करणं हे घरातल्या एकाच माणसाचं ठरलेलं काम असू द्या. गळतीसाठी १९०६ हा आणीबाणीचा क्रमांक फ्रीजवर ठळक लिहून ठेवा. आणि गळती असेल तेव्हा दिव्याचं बटण ना लावायचं ना बंद करायचं, हे सासूबाईंनाही सांगून ठेवा.

दुसरी मासळीची. इथे तुमचं नाक चांगलं असूनही पुरेसं नाही. बांगडा, तारली, कुपा असे मासे गरमीत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा बर्फात ठेवूनही जात नाही, आणि कधीकधी माशाच्या वासात काहीही फरक पडलेला नसतो. असा मासा खाल्ला की तासाभरात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, छाती धडधडते. लोकांना वाटतं माशाची ॲलर्जी झाली. म्हणून घरात नियमच करा : बोटीवरून बर्फात आलेला मासा घरीही लगेच बर्फात, आणि वीज जाऊन फ्रीज कित्येक तास बंद राहिला तर आतली मासळी टाकायची. वास घेऊन ठरवायचं नाही, तुम्हीही नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की सासूबाईंचा अपमान होत नाही.

आता सांगायचं कसं. चुलीपाशी नाही, पाहुणे असताना नाही, आणि भांडणाच्या ओघात तर नाहीच. वर लिहिलेला आंबावडीचा खेळ सगळ्या घरानं मिळून खेळा, त्यांनाही घ्या. नाक सोडल्यावर मुलं ओरडतील आणि त्यांना काहीच वेगळं वाटणार नाही, असं होऊ शकतं. तो क्षण सोपा नसेल. तेव्हा "बघा, मी म्हणत नव्हते?" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका, आणि हसण्यावारीही नेऊ नका. मुलांना बाहेर पाठवा, जवळ बसा आणि विचारा, "आई, किती दिवस असं होतंय?" एवढंच. माझा अंदाज आहे की त्यांनाही आत कुठेतरी भीती असेल, आणि कुणीतरी विचारायची त्या वाट पाहत असतील. नसतील, चिडल्या, तर त्या दिवशी विषय तिथेच सोडा. दुसऱ्यांदा तो मुलानं काढावा.

वासाचा सराव हा एक साधा उपाय आहे, तो त्यांच्या कानावर घाला. जर्मनीत ड्रेस्डेन इथे थॉमस हुमेल यांनी तो पुढे आणला, २००९ साली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, एकेक वीस-तीस सेकंद, शांतपणे हुंगायचे आणि हुंगताना तो वास आठवायचा. निदान बारा आठवडे. सगळं तुमच्या घरात आहे. विषाणूनं गेलेल्या वासाला याचा फायदा बऱ्यापैकी दिसतो, वयानं गेलेल्याला तेवढी खात्री देता येत नाही. पण अपाय काही नाही, आणि सासू-सून रोज चार मिनिटं एकत्र बसतील.

त्यांच्या पानाचाही वेगळा विचार करा. मीठ वाढवून जेवण चवदार करायची त्यांची युक्ती रक्तदाबाला महागात पडेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही पूर्ण भरत नाही. त्याऐवजी आंबट वाढवा, लिंबू पिळा. न खारवलेला सुका जवळा किंवा सोडे भाजून आमटीत टाका, तो रस जिभेलाच कळतो. कुरकुरीत काहीतरी द्या, गरम गरम द्या. टोपात मीठ कमी ठेवून चिमूटभर शेवटी वरून भुरभुरलं तर ते जिभेला आधी भिडतं आणि कमी मिठात काम भागतं. तिरफळं त्यांच्या वाटीत एखाद-दोन जास्त पडली तर पडू द्यात. त्यांना त्यातून सुख मिळतंय.

ज्यांच्या घरात सासू नसून वडील असतील, किंवा आजी एकटीच गावी राहत असेल, त्यांनीही या सुट्टीत गेल्यावर चार गोष्टी पाहाव्यात : फ्रीजमध्ये उतरलेलं अन्न पडलंय का, मिठाची बरणी लवकर संपते का, कपडे सैल झालेत का, आणि दूध उतू गेल्याचं त्यांना दुसऱ्या खोलीतून कळतं का.

नाताळचं म्हणाल तर पाहुण्यांना काही सांगायची गरज नाही. वहीतल्या मापानं तिखलं करा, शेवटची चव तुम्ही आणि यजमान दोघांनी घ्या, आणि वाढायला सासूबाईंना पुढे करा. पण डॉक्टरांचा नंबर मात्र गर्दी सुरू होण्याआधी, याच आठवड्यात लावून घ्या. जाताना त्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या, आणि मीठ-तिखट कधीपासून वाढलं, त्याआधी ताप-सर्दी झाली होती का, पडल्या-बिडल्या होत्या का, हे दोन ओळींत लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.